ओ म्हणजे व्हय न्हवं

आबांना पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय नव्हती. जिन्याखालून "आबा" म्हणून ओरडलं तर वर सगळं शांत. दुसऱ्यांदा ओरडलं तर खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. तिसऱ्या हाकेला मात्र असा दणदणीत "ओ" यायचा की समोरच्या सोसायटीच्या गॅलरीतली कबुतरं उडायची. मी कामाला लागले तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, म्हातारा ठार बहिरा आहे. पाचव्या दिवशी वैतागून मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटले, तर पलीकडच्या खोलीतून लगेच उत्तर आलं, "बहिरा न्हाई गं. वाट बघतुया."

कसली वाट? तर त्यांच्या आईनं लहानपणी सांगून ठेवलं होतं. आई आंदर मावळातली, डोंगराच्या पोटात वाढलेली. रानातून कुणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. जे माणूस नसतं ते एकदा हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूस. आबांची सगळी नोकरी लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. किती माणसांचे आवाज त्यांनी एकमेकांना जोडून दिले असतील, पण आईचं सांगणं काही डोक्यातून गेलं नाही. मी एकदा त्यांना चिडवलं, "आबा, भरदुपारी वराळ्यात भूत येतंय होय?" तर म्हणाले, "वराळ्यात आता भुताला जागा कुटं ऱ्हायलीया? पन सवय हाय ती हाय."

आवाज मोठा, बोलणं तोडून तोडून, प्रत्येक वाक्याच्या शेवटी पलीकडच्याला ऐकू आलं का हे बघायला थांबणं. म्हणून सगळे त्यांना ट्रंककॉल म्हणत. तोंडावर आबा, मागे ट्रंककॉल. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

तळेगावजवळच्या वराळ्यात त्यांचं दुमजली घर होतं. वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस, म्हणजे दोन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि मी. पुण्याच्या कंपनीनं मला काढून टाकलं होतं आणि मी बेगडेवाडीच्या घरी बसून होते. आमच्या घरातली मी पहिली इंजिनिअर. वडील कारखान्यात फिटर. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विहारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं. नोकरी गेल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, रोज सकाळी मला डबा भरून घेऊन घराबाहेर पडायला लावायचे. मी तळेगावच्या वाचनालयात बसून डबा खायची. अशा दिवसांत आबांनी मुलाखतीला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला.

"नव्या घरात ऱ्हायला गेल्यावर मानूस पैलं काय करतो?"

"वायफाय लावतो," मी म्हटलं.

"चुकलं. शेजारी कोन हाय ते बघतो. उद्यापास्नं ये."

आबांना मावळातल्या वाड्यावस्त्यांसाठी एक ॲप काढायचं होतं. त्याचं नाव 'ओ'. कुणी तरी हाक मारायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. म्हैस हरवली, एसटी आली नाही, गिरणी आज बंद आहे, अशा हाका. इतर ॲपांवर अंगठे असतात, बदाम असतात, आमच्याकडे फक्त 'ओ' लिहिलेलं गोल बटण. त्याचा अर्थ ऐकू आलं, बस, एवढाच. आबा मला शंभरदा बजावायचे, "ओ म्हंजी व्हय न्हवं. आई हाक मारती, आपन ओ देतो. म्हंजी ती सांगंल ते कबूल हाय का? उसाचा भारा उचलायला बोलावत आसंल तर?"

ॲप का चालतात आणि का मरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. बाजारात आलेलं प्रत्येक नवं ॲप ते फोनवर घ्यायचे. ते बंद पडायला आलं की उचलून एका कप्प्यात टाकायचे. त्या कप्प्याचं नाव त्यांनी 'मसणवटा' ठेवलं होतं. दुपारी जेवण झाल्यावर ते त्या मेलेल्या ॲपांमधून फेरफटका मारत. एकदा मलाही दाखवलं. एका ॲपवर कुणीच नव्हतं. मधल्या चौकोनात आबांनीच वेगवेगळ्या दिवशी लिहिलेली एकच ओळ खालीखाली जात होती. हॅलो, कुनी हाय का? हॅलो, कुनी हाय का? वर कुण्या बाईचा हसरा फोटो, वाढदिवसाचा केक, आणि खाली कुणाचंही उत्तर नाही. माझ्या अंगावर काटा आला. "बंद करा, आबा," मी म्हटलं.

"भ्याया काय झालं? घरं हाईत, मानसं न्हाईत, इतकंच," ते म्हणाले. "मानूस नव्या ठिकानी जाऊन तीन डाव हॅलो म्हनतो. एक्स्चेंजात मी बगितलंय. तिसऱ्या हॅलोला पलीकडनं आवाज न्हाई आला की फोन ठिवतो. ॲप मरतं ते आसं. बिघाड झाल्यानं मरत न्हाई."

म्हणून आमच्याकडे जो कुणी नवा येई, त्याला आबा स्वतःच्या आवाजात निरोप पाठवत. निरोप एका शब्दाचा होता, "बोला." सकाळी आठ ते दहा ते हेच काम करत बसायचे, चष्मा कपाळावर आणि फोन तोंडासमोर. मी म्हटलं, एकदा रेकॉर्ड करून ठेवू, आपोआप जाईल. त्यावर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

दुसरा सिद्धान्त भुशी धरणाचा. रविवारी आम्ही लोणावळ्याला गेलो की ते मला मुद्दाम धरणाच्या पायऱ्या दाखवायला न्यायचे. "बघ, पानी सगळ्या पायरीवर सारकंच हाय. पन लोक कुटं बसल्यात? जितं आदीच लोक बसल्यात तितं. मोकळ्या पायरीवर कुनी जात न्हाई. आता हिरव्या ॲपवर सगळं जग का हाय? तर सगळं जग हाय म्हनून." मग म्हणत, "पन गर्दी बघून गेलेला मानूस पानी बघत न्हाई, पोरी. हितं दर साली कुनी ना कुनी वाहून जातं." हे ते इतक्या हळू म्हणत की आवाज त्यांचा वाटायचाच नाही.

आणि तिसरा सिद्धान्त, ज्याचा मला खरोखर आदर वाटायचा, तो चूलबंद आवतणाचा. आमच्याकडे लग्नकार्यात घरटी एका माणसाला जेवायला बोलावतात, आणि फार जिव्हाळ्याचं घर असेल तर चूलबंद आवतण देतात, म्हणजे म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. आबा म्हणायचे, बाकीचे ॲपवाले एकेकट्याला आवतण देतात. तो बिचारा येतो, पंक्तीत कुणाशेजारी बसावं कळत नाही, उठून जातो. आपण अख्ख्या वाडीला चूलबंद द्यायचं. ते आपली जुनी पांढरी व्हॅन काढायचे, दुसऱ्या गिअरमध्येच सगळा डोंगर चढायचे, आणि एका दिवसात एका वाडीतले झाडून सगळे फोन गोळा करून त्यात 'ओ' घालून यायचे. पवनेकडच्या एका उंचावरच्या वाडीपासून सुरुवात झाली. तिथल्या एका म्हाताऱ्या मावशीला ते एक नंबरची सभासद म्हणत. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती फोनपुढे बोलायची आणि फोन तिचं बोलणं लिहून काढायचा.

सिद्धान्त इतके चांगले आणि तरी ॲप चालेना. त्याला कारण होती ती तिसरी हाक. आबांनी हट्टानं नियम करून घेतला होता. कुणी काही लिहून 'हाक' दाबली की ते लगेच दिसायचं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा दाबायचं, आणखी पाच मिनिटांनी पुन्हा. तीनदा दाबलं तर लोकांपर्यंत जायचं. "रागाचा मानूस एकदा हाक मारतो," आबा म्हणायचे. "भ्यालेला दोनदा. तिसऱ्यांदा मारतो त्याचं खरंच काम आसतं." ऐकायला छान. पण वाडीतली पोरं माझ्या तोंडावर हसायची, "ताई, म्हैस हरवली म्हनून हाक मारली, तिसऱ्या हाकंपातूर म्हैस आपली आपन गोठ्यात." दोन वर्षांत आम्ही चार वाड्यांच्या पुढे गेलो नव्हतो. पुण्यातल्या मैत्रिणी विचारायच्या, कसं चाललंय तुझं ते ग्रामीण ॲप, आणि 'ग्रामीण' म्हणताना जरा हसायच्या. मला आबांच्या मसणवट्याची स्वप्नं पडू लागली. कप्प्यात आमचं ॲप, आणि त्यात मी एकटीच हॅलो म्हणते आहे.

एका दुपारी आबा दाढदुखीसाठी डॉक्टरकडे गेले असताना मी कोडमध्ये तीनच्या जागी एक लिहिलं. एक आकडा बदलला, पाच मिनिटांची अट काढली आणि चहा करायला गेले. त्यांना सांगितलं नाही. चार दिवस बघू, नाही जमलं तर परत तीन करू, अशी मी माझी समजूत काढली.

जमलं. म्हणजे असं जमलं की बोलता सोय नाही. महिन्याभरात खोऱ्यातली गावंच्या गावं येऊ लागली. ज्या हाकेला जास्त ओ मिळतील ती आपोआप शेजारच्या गावात जावी, हा नियम मी आधीच लिहून ठेवला होता; तीन हाकांच्या काळात तो नुसताच पडून होता, आता पळू लागला. आबा तर हरखले. सगळं श्रेय चूलबंद आवतणाला. त्यांनी पेढे आणले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. तो पेढा मी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. त्यांना कळेल ही धास्ती तेव्हापासून मला कायमची बसली. पण कळणार कसं? ते स्वतः हाक मारताना सवयीनं तीनदाच दाबायचे, मधे पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचे. एकदा फोनवर वाडीतलं कुणीतरी त्यांना म्हणालं, "आबा, आता झटक्यात जातंय की!" आबा म्हणाले, "टावर सुदारलाय." मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

त्याच सुमाराला पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. कुठून उठली कुणास ठाऊक. कुठल्या तरी गावाच्या वेशीवर बांगड्या विकणारी बाई हटकली गेली, कुठे घोंगडीवाल्याला परत पाठवलं. सगळं आमच्या 'ओ'वर दिसायचं, आणि ज्या दिवशी असली हाक असेल त्या दिवशी माणसं दुप्पट यायची. म्हैस हरवली तर वीस ओ, पोरं पळवणारे दिसले तर सहाशे. आबांचा चेहरा उतरू लागला. सकाळी "बोला" म्हणायला बसले की मधेच थांबत.

"पोरी, भ्यालेली मानसं यायला लागलीत आपल्याकडं," ते एकदा म्हणाले. "तीन हाका मारून बी भ्यालेलीच ऱ्हात्यात व्हय?"

"लोक असेच असतात, आबा," मी म्हटलं.

माझं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो दिवस लख्ख उन्हाचा होता. पाऊस ओसरला होता, भात पोटरीला आलं होतं. तळेगावच्या एका दवाखान्यात लहान मुलांचे डोळे तपासायचे होते. वरच्या वाडीतल्या शाळेच्या बाईंनी पाच मुलांची नावं दिली होती, त्यांना फळ्यावरचं दिसत नव्हतं. आबा म्हणाले, मी आणतो. सकाळीच व्हॅन घेऊन गेले. साडेदहाच्या सुमाराला मावशीनं फोनपुढे तोंड नेऊन हाक मारली. तिचे शब्द मला पाठ आहेत. "पोरं न्यायला पांढरी गाडी आलीया. डोळं तपासायचं हाईत. कुनाची ऱ्हायली आसतील तर खाली आना."

वाडीतल्या लोकांनी भराभर ओ दिली. म्हणजे ऐकू आलं, बस. पण आमच्या ॲपवर हाकेची पहिली ओळ तेवढी दिसायची, पुढचं वाचायला दाबावं लागायचं. दोन मिनिटांत तीस ओ पडल्या, यंत्राला वाटलं महत्त्वाचं आहे, त्यानं ती हाक खालच्या गावाला दिली. खालच्या गावाला दिसलं ते एवढंच, 'पोरं न्यायला पांढरी गाडी आलीया', आणि त्याखाली तीस जणांची ओ. वाडीची ओ म्हणजे ऐकू आलं. खाली तिचा अर्थ झाला, व्हय, खरं आहे, आम्ही बघितली.

आणि मी काय करत होते? मी वराळ्यात पडद्यापुढे बसून आकडा बघत होते. सातशे. हजार. दोन हजार. इतक्या ओ आमच्या ॲपनं कधी पाहिल्या नव्हत्या. हाक काय आहे ते मी वाचलंसुद्धा नाही. मी पडद्याचा फोटो काढला आणि 'ग्रामीण' म्हणून हसणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. खाली लिहिलं, "बघ." ती पहिली काही मिनिटं मी आनंदात होते. हेही लिहायलाच हवं.

मग खालून उत्तरं येऊ लागली. कुटं हाय? खाली येतीया. रस्त्यावर धोंडं टाका. सोडू नका. कुणीतरी फोटो टाकला. एसटी थांब्याजवळचं वळण, रस्त्यावर आडवे दगड, आणि समोर पांढरी व्हॅन. काचेमागे काळा रिसिव्हर लोंबत होता. लोक गाडीत देव टांगतात, आबांनी एक्स्चेंजमधला जुना रिसिव्हर टांगला होता.

मी आबांना फोन लावला, नुसती रिंग जात राहिली. आणि त्यानंतर मी जे केलं ते असं. मी कोड उघडलं आणि एकचे परत तीन केले. पाच मिनिटांची अट परत घातली. हाक आणखी पसरू नये म्हणून केलं, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत राहिले. ते खोटं आहे. ती हाक पसरून झाली होती. मला भीती वाटली ती ही, की आता पोलीस येतील, चौकशी होईल, कोणीतरी कोड बघेल आणि तीनच्या जागी एक दिसेल. आबांना चारी बाजूंनी माणसांनी घेरलं होतं आणि मी आधी माझं झाकलं.

मग मी लिहिलं, 'ते आपले आबा आहेत, मुलांना दवाखान्यात नेत आहेत, अफवा आहे', आणि हाक दाबली. पडद्यावर अक्षरं आली, दुसरी हाक पाच मिनिटांनी मारा. माझ्याच हातानं परत घातलेला नियम माझ्यावर उलटला होता. ते तीन पुन्हा एक करता आले असते. मी केले नाहीत.

फोन घेतला आणि खालच्या गावातल्या सभासदांना एकेकाला लावत सुटले. पहिल्यानं उचलला नाही, दुसऱ्यानं नाही, तिसऱ्याच्या फोनमधून नुसता कालवा ऐकू आला. सगळे त्या वळणावरच होते. चौथा नंबर गिरणीवालीचा. नुकतीच लाईट गेल्यानं तिची गिरणी थांबली होती, तोवर गिरणीच्या आवाजात तिला गावातलं काही ऐकूच गेलं नव्हतं. मी काय बोलले मला आठवत नाही. ती म्हणाली, "थांब, मी जाते," आणि फोन तसाच चालू ठेवून पळत सुटली.

पुढचं मी कानानं ऐकलं. तिचा धापा टाकणारा श्वास, चपलांचा आवाज, मग माणसांचा गलका वाढत वाढत इतका झाला की शब्द कळेनात. काच फुटल्याचा आवाज. लहान मुलाचं रडणं. कुणीतरी ओरडत होतं, "आदी हात मोडा त्येचं!" मी आबांचा आवाज शोधत होते. सबंध मावळात ऐकू जाईल असा तो आवाज, तो कुठेच नव्हता. मला वाटलं, संपलं. मी टेबलाखाली जाऊन बसले होते, का ते माहीत नाही.

गिरणीवाली नंतर सांगायची ते असं. ती पिठानं पांढरीफटक तशीच गर्दीत घुसली, लोक दचकून बाजूला झाले. व्हॅनचं दार ओढून ती आत मुलांमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, "आता टाका धोंडं." मग एकेका मुलाला उभं करून विचारलं, कुणाचा रे तू, कुठे चाललास? सगळ्यात धाकटी पोरगी हुंदके देत म्हणाली, "डोळं दावाया." ती पोरगी तेच मघापासून म्हणत होती, पण कुणी ऐकलं नव्हतं. मागच्या माणसांना कळायला आणखी थोडा वेळ लागला. मग हळूहळू एकेक जण हातातला दगड खाली ठेवून, जणू काही ठेवलंच नाही अशा चेहऱ्यानं, घराकडे वळला.

मी दवाखान्यात गेले तेव्हा आबांच्या भुवईवर टाके होते, डावा हात प्लास्टरमध्ये. मला वाटलं रागावतील, रडतील. ते माझ्याकडे बघत राहिले, मग ओठ हलले. वाकून कान लावावा लागला.

"आवाज गेला गं माजा," ते म्हणाले. "मी बोललो आसतो तर वळखलं आसतं त्येंनी. समद्यास्नी मी 'बोला' म्हनलोय. पन त्वांडातनं शब्दच येईना."

मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मावशीनं तीनदा हाक मारली आसंल का?"

ते हे विचारणार याची मला कल्पना होती. मी लॅपटॉप सोबत नेला होता. उघडला, ती ओळ काढली आणि त्यांच्या उशाशी धरला. "बघा, आबा. तीनच आहे."

त्यांनी उजव्या हाताचं बोट त्या आकड्यावर ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

"म्हंजी धा मिन्टं व्हती त्येंच्याकडं," ते म्हणाले. "धा मिन्टं इचार कराया व्हती. तरी बी आली धोंडं घिऊन."

आणि मग ते रडले. मारानं रडले नव्हते, त्या आकड्यानं रडले. त्या क्षणी मी एक शब्द बोलले असते तर माणसांवरचा त्यांचा भरवसा वाचला असता. खोऱ्यातल्या लोकांना दहा मिनिटं काय, एक मिनिटसुद्धा मिळालं नव्हतं. ते घाबरले होते आणि मी त्यांना थांबायला जागाच ठेवली नव्हती. हे मला तिथे उशाशी उभं राहून लख्ख कळत होतं. मी लॅपटॉप मिटला.

त्या एका दिवसात आमच्याकडे जेवढी माणसं आली तेवढी आधीच्या दोन वर्षांत आली नव्हती. आबा म्हणाले, बंद कर. मी बंद केलं.

आता मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. आमचं ॲप भरपूर चालतं. का चालतं ते मला पक्कं माहीत आहे आणि मीटिंगमध्ये मी ते शांतपणे समजावून सांगते. वडिलांनी विहारात पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितलं आहे. रविवारी मी वराळ्याला जाते. आबा डोंगरावर जात नाहीत, भाजी आणायलाही बाहेर पडत नाहीत. दुधाची पिशवी घ्यायच्या आधी खिडकीचा पडदा सारून बघतात. गॅलरीला त्यांनी जाळी बसवून घेतली आहे. बोलतात ते कुजबुजल्यासारखं. रस्त्यावरून दोनचार माणसं मोठ्यानं बोलत गेली तरी हातातला कप खाली ठेवतात. घराची दुसरी किल्ली एकट्या माझ्याकडे आहे.

मागच्या रविवारी मी गेले तर पायरीवर वाडीतली मावशी बसली होती. दोन गाड्या बदलून आली होती, शेजारी फडक्यात बांधलेली रानभाजी. सकाळपासून बसली आहे म्हणाली, आबांनी पडदा सारून बघितलं पण दार उघडलं नाही.

"माज्यावर रुसलाय न्हवं त्यो?" तिनं विचारलं. "माज्या हाकंनं झालं समदं. मला रातीचं झोप न्हाई, पोरी."

"तुमच्यामुळे नाही झालं, मावशी."

"कसं न्हाई? त्योच सांगायचा, तीनदा दाब, तीनदा दाब. मी एकदाच दाबलं व्हतं. पोरं गाडीत बसलेली, घाई व्हती, म्हनलं मागनं दाबू." तिनं माझं मनगट धरलं. तिची बोटं खरखरीत आणि गरम होती. "एकदाच दाबलं आन् गेलं की गं ते. कसं गेलं? तू शिकलेली हायस. ह्ये आबाला सांगशील? त्येला म्हनावं, चूक माजी हाय, मानसांची न्हाई. मानसास्नी येळच मिळाला न्हाई."

दार उघडून आत एक वाक्य सांगायचं, एवढंच उरलं होतं.

"सांगते," मी म्हटलं.

तिनं भाजीचं फडकं माझ्या हातात दिलं, दाराला हात लावून नमस्कार केला आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून गेली. मी किल्लीनं दार उघडून आत गेले. आबा भिंतीला टेकून उभे होते.

"कोन व्हतं?"

"वाडीची मावशी. भाजी देऊन गेली."

"काय म्हनत व्हती?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मी खाली बसून भाजीची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना.

"तब्येत विचारत होती," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मानूस बरी हाय ती. पन आता कुनाचं कायबी सांगता येत न्हाई, पोरी. तू येतीस तेवढाच आधार हाय." मग दाराकडे बघत म्हणाले, "कडी लाव आतनं."

मी उठले आणि आतून कडी लावली.